चढा स्वर कुणाचा?

प्रश्न : आमचा पाचसहा जणांचा जॅझ ऐकणारा गट आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवरून वाद पेटलाय. माझ्या जुन्या एलपीवरचं 'सो व्हॉट' पेटीच्या पांढरी दोनपेक्षा किंचित चढं लागतं. मित्राच्या सीडीशी तीच पेटी चोख जुळते. माझं टर्नटेबल बिघडलंय का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : बहुधा नाही. आधी तबकडी उलटवा आणि दुसऱ्या बाजूचं 'ऑल ब्लूज' लावा. त्याचा षड्ज पांढरी पाच. तिथे पेटी जुळली आणि पहिल्या बाजूला नाही जुळली, तर दोष तबकडीचाच, आणि तो न्यूयॉर्कहून आलेला आहे. पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे २ मार्च १९५९ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र जरा हळू चाललं. हळू चाललेल्या टेपवर सूर दाटीने उतरतात. तीच टेप योग्य वेगाने वाजवली की सगळंच चढतं. फरक अर्ध्या स्वरापेक्षा कमी, म्हणूनच वर्षानुवर्षं खपून गेला. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक आहे. त्या मार्चच्या दिवशी शेजारी दुसरं यंत्रही चालू होतं. त्याची टेप वापरून १९९२च्या आवृत्तीत चूक सुधारली. मित्राची सीडी त्यानंतरची असणार.

दोन्ही बाजू सारख्याच चढ्या किंवा उतरत्या लागल्या, तर मात्र टर्नटेबल तपासा. ताटलीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, तबकडी ठेवून सुई टेकवा (सुईच्या ओढीने वेग थोडा बदलतो, रिकामी ताटली मोजू नका) आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. शंभर फेरे १७७ सेकंदांत झाले तर यंत्र सुमारे १.७ टक्के जलद आहे. अर्धा स्वर चढायला जवळजवळ सहा टक्के लागतात. डीसी मोटर असेल तर बहुतेक यंत्रांत वेगाचा बारीक स्क्रू असतो. वेग कमी भरला तर आधी सैल पडलेला पट्टा बदला. घरातल्या कुणी बोटीवरच्या नोकरीत असताना अमेरिकेतून आणलेलं यंत्र असेल, तर वेगळीच गोम. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्यातली सिंक्रोनस मोटर (हर्ट्झवर वेग ठरणारी) इथे पाच षष्ठांश वेगाने फिरते आणि सूर तीन अर्धस्वरांहून जास्त उतरतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ नाही. त्यावर ५० हर्ट्झची पुली हाच साधा उपाय.

पेटी हाताशी आहेच, तर 'सो व्हॉट'वर आणखी एक करून बघा. प्रत्येकी बत्तीस मात्रांचे चार भाग आहेत : पहिले दोन पांढरी दोनच्या काफी थाटात, तिसरा जसाच्या तसा उचलून काळी दोनवर, चौथा परत खाली. सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या सोलोत तो तिसरा भाग कधी आला हे पेटीशिवाय सांगता येऊ लागलं की वादाला खरी मजा येते.

प्रश्न : पावसाळ्यात एलपींवर पांढरे ठिपके येतात. स्पिरिटने पुसल्या तर चालतील? घरात ७८च्याही (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) काही तबकड्या आहेत. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ७८ला स्पिरिट अजिबात नाही. त्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पुसलेल्या जागी खाचच राहणार नाही. त्यांना डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड आणि लगेच कोरडं करणं, एवढंच.

एलपीसाठी ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोनतीन थेंब लिक्विड. सर्जिकल स्पिरिट टाळा, त्यात इतर द्रव्यं असू शकतात. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मिनिटभर मुरू द्या, मायक्रोफायबरने टिपा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात. बहुतेक जण हाच गाळतात, आणि मेलेली बुरशी साबणासकट खाचेत वाळून चरचर पूर्वीपेक्षा वाढते. विहिरीचं पाणी नको, वाळल्यावर क्षार मागे राहतात. मधला कागद भिजू देऊ नका. वाळवायच्या त्या उभ्या, पंख्याखाली. उन्हात एलपी वाकते.

एवढं करून तबकडी जुन्याच कागदी पाकिटात घातलीत तर मेहनत पाण्यात. बुरशी त्या कागदातच बसलेली असते. पाकीट फेका, नवं पॉलिथीनचं घ्या. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत श्रावण संपेपर्यंत ओल धरून असते. आणि पावसाळ्यानंतर एका स्पीकरचा आवाज गेला, तर लगेच नवं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) घेऊ नका. मागच्या चार पिनांवर खारी हवा बसलेली असते. यंत्र बंद करून पिना एकेक काढून परत बसवा.

प्रश्न : मी तबला वाजवतो. डेव्ह ब्रुबेकच्या 'टेक फाइव्ह' या पाच मात्रांच्या तुकड्याला झपताल धरला की सम हुकते. शिवाय आमच्या जॅझ ऐकायच्या बैठकीत प्रत्येक जण सहासात तुकडे आणतो आणि बोलणं काही होत नाही. (एक वाचक, देवगड)

उत्तर : झपताल दोन-तीन, दोन-तीन, 'टेक फाइव्ह' तीन-दोन. झपतालाच्या तिसऱ्या मात्रेपासून, 'धी धी ना, ती ना' असं धरा, बसेल. ड्रमवादक जो मोरेलोच्या सोलोत ब्रुबेकचा पियानो तेच तीन-दोन पकडून बसलेला असतो. त्या पियानोवर कान ठेवा.

बैठकीला एकच तुकडा पुरे, पण त्याचे दोन-तीन टेक, म्हणजे त्याच तुकड्याची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं, आणा. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचं २५ जून १९६१चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम. 'ऑल ऑफ यू' त्याच दिवसाचं तीनदा मिळतं. 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला टेक तर मध्येच वीज गेल्याने तुटलाय, आपल्याकडच्या श्रोत्यांना तो फार जवळचा वाटेल! पहिल्यांदा सगळं ऐका, दुसऱ्यांदा फक्त स्कॉट लाफॅरोचा डबल बेस. तो नुसता ठेका धरणं कुठे सोडतो आणि पियानोला उलट उत्तर कुठे देतो, एवढ्यावर तासभर भांडता येईल. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका. डबल बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची. तिथपर्यंत तो स्पीकर पोचतच नाही, आणि मग लाफॅरोवर बोलायला उरतंच काय?