पूल टेबलसाठी घरच्या घरी स्कोअर काउंटर कसा बनवायचा?

तुम्ही लिहिलंय की घराच्या मागच्या खोलीत सेकंडहँड पूल टेबल आणलंय, चौघं मित्र रोज रात्री खेळता, स्कोअर तोंडीच ठेवता आणि त्यावरून रोज वाद होतात, तर कमी पैशात घरीच काउंटर बनवायचाय, साधा बनवू की इलेक्ट्रॉनिक? मी दोन्ही बनवलेत, आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या टेबलसाठी, आणि मनापासून सांगते, आधी मण्यांचा बनवा. इलेक्ट्रॉनिकची हौस नंतर भागवता येते.

पण त्याच्याही आधी चौघं मिळून ठरवा की मोजायचं काय आहे. एट-बॉल खेळत असाल तर बॉल मोजायची गरजच नाही, टेबलाकडे बघितलं की कळतं कुणाचे किती उरलेत, मोजायचे ते जिंकलेले गेम, पहिला पाच किंवा पहिला सात असं जे ठरलं असेल ते. नाइन-बॉललाही तेच. पॉइंट लागतात ते स्ट्रेट पूलला, तिथे बॉलमागे एक पॉइंट, फाउलला एक वजा आणि गेम शंभरचा किंवा दीडशेचा. आणि त्याच टेबलावर स्नूकरसारखं खेळत असाल तर लाल १, पिवळा २ पासून काळा ७ पर्यंत, फाउल झाला की समोरच्याला कमीत कमी ४. फक्त गेम मोजायचे तर प्रत्येकाला एक तार पुरते, पॉइंट मोजायचे तर एकं, दहं, शतं अशा तीन लागतात.

मण्यांची कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या जुन्या पूल हॉलमध्ये टेबलाच्या वर आडवी तार ताणून तिच्यावर मणी ओवलेले असायचे, बॉल पडला की क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाने वरचा मणी सरकवायचा, बास. आपल्याकडे तर लहानपणी पाटीच्या वरच्या कडेला तारेवर रंगीत मणी असायचेच ना, त्यावर आपण बेरीज शिकलो, हे तेच आहे फक्त मोठं.

तारेसाठी सायकलचे स्पोक आणा. मी आधी साधी जीआय तार ताणली होती, ती आठवड्याभरात मधे झोळ पडून खाली आली आणि सगळे मणी मधोमध गोळा व्हायला लागले. स्पोक सरळ राहतो, गंजायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या एका टोकाला आटे असतात आणि त्यावर निपल, म्हणजे स्पोक आवळायचं छोटं नट, बसतं. चौकटीच्या एका पट्टीला भोक पाडून स्पोक बाहेरून आत घाला, त्याचं वाकडं टोक बाहेर अडकून राहतं, मग मणी ओवा, दुसऱ्या पट्टीच्या भोकातून बाहेरून निपल घालून आटे धरा आणि निपलच्या डोक्यावर खाच असते तिथे स्क्रू ड्रायव्हर लावून आवळा, तार टणक होते, बोटाने छेडली तर वाजते. निपलखाली छोटा वॉशर घाला, नाहीतर मऊ लाकडात ते रुतत जातं. स्पोकच्या लांब्या सायकलप्रमाणे वेगवेगळ्या असतात म्हणून आधी स्पोक आणा, मोजा आणि मगच चौकट कापा, उलट केलंत तर पट्टी वाया जाईल. माझ्या चौकटीत आतून २७ सेंटिमीटर जागा मिळाली, १५ मिलिमीटरचे दहा मणी म्हणजे १५ सेंटिमीटर, राहिले १२, एवढी मोकळी जागा मधे असली की कुठले मणी मोजलेले आणि कुठले बाकी हे लांबूनही स्पष्ट दिसतं. जागा कमी ठेवलीत तर टेबलाच्या त्या टोकाला उभं राहून चार आहेत की पाच यावरून परत तेच वाद.

मणी मी पुण्यात बोहरी आळीतून आणले, लाकडी, पिवळे. दहापैकी पाचवा आणि दहावा लाल रंगवा, हे नक्की करा, कारण एकसारखे सात मणी बघून डोळ्याला सात कळत नाही, मोजावेच लागतात, पण लाल मण्याच्या पुढे दोन हे बघता क्षणी कळतं. मागे प्लायचा तुकडा गडद हिरवा रंगवून लावला.

आता जिथे माझं चुकलं ते सांगते. मण्यांना व्हार्निश मारलं, ते थोडं भोकात उतरलं, तरी मणी सरकत होते म्हणून मी सोडून दिलं. मग जुलै आला. पाऊस लागला, हवा दमट झाली, लाकूड फुगलं आणि एक दिवस मणी हलेचनात, आमच्या शेजारच्या काकांनी जोर लावला तर चार मणी एकदम सरकले आणि गेम तिथेच थांबला, खरा स्कोअर काय होता ते शेवटपर्यंत ठरलं नाही. नंतर सगळे काढले, स्पोक २ मिलिमीटरचा आहे तर ३ चं ड्रिल बिट हाताने फिरवून प्रत्येक भोक साफ केलं, आत व्हार्निशचा चिकट थर होता तो भुकटी होऊन निघाला, मग स्पोकला मेणबत्ती घासली. तेव्हापासून दोन पावसाळे गेले, मणी अडकलेला नाही. तेल अजिबात लावू नका, क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची निळी पावडर त्यावर बसते आणि चिखल होतो. प्लास्टिकचे मणी घेतलेत तर फुगायचा प्रश्नच येत नाही, पण ते फार गुळगुळीत असतात, चौकट जरा तिरकी झाली की आपोआप घसरतात, तेव्हा भिंतीवर लेव्हल बघून लावा.

लावायचा कुठे हेही महत्त्वाचं आहे. टेबलाच्या लाकडी काठावर स्क्रू मारू नका, तिथे खेळताना हात टेकतो, आणि आतले कुशनचे बोल्ट कुठे आहेत हे वरून दिसत नाही. भिंतीवरच लावा, खांद्याच्या उंचीला, पण टेबलाच्या लांब बाजूच्या मधोमध नको, क्यू ५७-५८ इंचाचा असतो, मागे ओढला की त्याचं बूड थेट काउंटरवर बसतं. कोपऱ्याजवळ, क्यू ठेवायच्या स्टँडशेजारी सगळ्यात बरं, कारण शॉट संपला की माणूस तिकडेच जातो.

इलेक्ट्रॉनिकबद्दल. मी आर्दुइनो नॅनो (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा बोर्ड) आणि मॅक्स ७२१९ या चिपवर चालणारा आठ आकड्यांचा डिस्प्ले वापरला, डावीकडे तीन आकडे एकाचे, उजवीकडे तीन दुसऱ्याचे, मधले दोन रिकामे. बटणं गेमच्या मशीनवर असतात तसली ३० मिलिमीटरची मोठी घ्या, छोटी घेतलीत तर अंधुक उजेडात बोट शोधत बसतं. एकदा दाबलं की एक वाढतो, दाबून धरलं की एक कमी होतो, कारण चूक दुरुस्त करायची सोय नसेल तर काउंटर असून उपयोग नाही. दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. एक, लाईट गेली की स्कोअर शून्य व्हायचा, म्हणून प्रत्येक बदल ईईप्रॉममध्ये, म्हणजे बोर्डातल्या लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहायचा, ती साधारण एक लाख वेळा लिहिता येते, घरच्या खेळाला भरपूर झालं. दुसरी अशी की ट्यूबलाईट लावली की कुणीही बटणाला हात न लावता स्कोअर एकने वाढायचा. मला वाटलं प्रोग्राम चुकलाय, तीन रात्री त्यात गेल्या, पण चूक वायरीत होती, बटणापर्यंत दोन मीटर वायर होती आणि ती आजूबाजूचा करंटचा झटका ओढून घेत होती. बटणाच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (बटण दाबलेलं नसताना वायर ठरलेल्या व्होल्टेजला धरून ठेवणारा) लावला, थांबलं.

पॉकेटमध्ये सेन्सर लावून आपोआप मोजता येईल का असंही तुम्ही विचारलंय. बॉल पडला हे सेन्सरला कळेल, पण तो कुणी मारला, सॉलिड (एकरंगी) होता की स्ट्राइप (पट्ट्याचा), आणि फाउल होता का हे त्याला कसं कळणार? स्ट्रेट पूललासुद्धा कुणाची पाळी आहे ते बटणाने सांगावंच लागतं, मग पॉइंटचं बटण थेट दाबणं सोपं. त्या वाटेला जाऊ नका.

माझे मामा मुंबईत एका जिमखान्यात मार्कर होते, म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभं राहून स्कोअर ठेवणारे. विल्सन जोन्स म्हणजे त्यांचं दैवत, जन्म पुण्यातला, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले. बिलियर्ड्समध्ये आकडा शेकड्यात जातो, तो मामा लाकडी पाटीवरचे पितळी काटे सरकवून ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोलून. माझा डिस्प्ले बघून म्हणाले, "छान दिसतोय गं, पण आकडा बदलला तेव्हा समोरच्यानं बघितलं का?" मण्यांचं हेच तर आहे, मणी सरकला की टक् आवाज होतो, समोरचा मान वर करून बघतो, पटलं नाही तर तिथल्या तिथे बोलतो. आमच्याकडे दोन्ही टांगलेत पण रोज वापरात मण्यांचाच आहे, डिस्प्ले टूर्नामेंटला लावतो, बाहेरून बघणाऱ्यांना आकडा दिसावा म्हणून.

स्नूकरचे पॉइंट मण्यांवर ठेवताना एक अडचण येईल, ती म्हणजे हातचा. आठवर सात आले की दहाचा एक मणी पुढे आणि एकंच्या तारेवरचे तीन मागे, खेळाच्या भरात लोक नेमका हातचा विसरतात. आम्ही नियम केलाय की मणी सरकवणाऱ्याने नवा एकूण आकडा बोलायचा, "पंधरा", आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय पुढचा शॉट नाही.

खर्चाचं म्हणाल तर स्पोक, मणी आणि सुताराकडच्या उरलेल्या पट्ट्या, फार काही लागत नाही. भोकं पाडायला ड्रिल नसेल तर सुताराकडूनच पाडून घ्या, दोन्ही पट्ट्या एकत्र धरून एकदमच, म्हणजे तारा तिरक्या जाणार नाहीत. स्पोक दोन जास्तीचे घ्या. आणून झाले की लांबी आणि मण्याचा साइज इथेच लिहा, चौकट किती कापायची ते मी मोजून सांगते.