सेकंडहँड गाडी खडखडते, वळताना टकटकते: आधी काय बदलायचं?

तुम्ही लिहिलंय की 2012 ची पेट्रोल हॅचबॅक नुकतीच घेतली; खराब रस्त्यावर पुढून खडखड, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टकटक, पावसाळी सकाळी चालू करताना चिरका आवाज. आणि गॅरेजवाला म्हणतोय, "पुढचं सगळं सस्पेन्शन काढावं लागेल."

इतक्यात काही काढू नका. हे तीन वेगवेगळे आवाज आहेत आणि बहुतेक तिन्हींची कारणंही वेगळीच निघतील.

खडखडीत मी स्वतः पैसे घालवलेत. एका गॅरेजच्या सांगण्यावरून पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, आवाज जिथल्या तिथे. वैतागून नाना पेठेत पार्ट शोधायला गेलो, तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "दोन्ही चाकं एकदम चढली की वाजतं, का एकच चाक खड्ड्यात गेलं की?" मला सांगताच येईना. घरी येताना मुद्दाम लक्ष दिलं. अख्ख्या रुंदीच्या स्पीडब्रेकरवर गाडी गप्प, डावं चाक चेंबरच्या झाकणावरून गेलं की खडखड! (पुण्यात या प्रयोगासाठी लांब जावं लागत नाही.)

त्याचं कारण असं. पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. तो लिंक रॉडने सस्पेन्शनला बांधलेला असतो. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर दांडा पिळत नाही, म्हणून झिजलेला लिंक रॉडही फारसा बोलत नाही. एकच चाक हललं की दांडा पिळतो आणि रॉडचं सैल टोक वाजतं. माझा लिंक रॉडच निघाला, शॉकअपच्या खर्चापुढे चिल्लर. काही छोट्या गाड्यांत लिंक रॉड नसतोच, दांडा थेट लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताला) बसवलेला असतो. तिथे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बघायचे. दोन्ही चाकं एकदम चढतानाही वाजत असेल तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश हे संशयित. शॉकअपवर तेल गळल्याचा ओघळ आहे का, तेही बघा. माझ्या जुन्यांवर टिपूस नव्हता, हे पैसे देऊन झाल्यावर सुचलं.

टकटक ॲक्सलची, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याची, वाटते. रविवारी पहाटे नदीपात्रातल्या मोकळ्या जागेत (धरणातून पाणी सोडलेलं नसताना!) स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. वेगाबरोबर टकटक वाढली तर चाकाकडचा जॉइंट. मग चाकामागे टॉर्च मारा. ॲक्सलचं रबरी बूट (जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं आवरण) फाटून आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटलंय पण आवाज नाही, अशा वेळी साफ करून नवं ग्रीस आणि नवं बूट एवढ्यावर भागतं. टकटक सुरू झाल्यावर मात्र जॉइंट गेला असं धरा.

चिरका आवाज बहुधा इंजिनवर फिरणाऱ्या रबरी बेल्टचा. ओलाव्याने बेल्ट घसरतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. इंजिन बंद असताना बेल्टला भेगा आहेत का, तो सैल आहे का, ते बघा. चालू इंजिनजवळ ओढणी, सैल बाही, बोटं काहीही नेऊ नका.

आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळत नसेल तर काचा खाली करून पेठेतल्या एखाद्या अरुंद गल्लीतून हळू जा. भिंतीवर आपटून परत आलेला आवाज आत छान ऐकू येतो. मला मागच्या ब्रेकची घासघास अशीच सापडली.

ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखं होत असेल, तापमानाचा काटा चढत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर हे प्रयोग राहू द्या. लाल दिव्याला तर गाडी तिथेच बंद करा आणि टोइंग बोलवा.

गॅरेजला जाताना किल्ली देऊन घरी येऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवा, तुम्ही चालवा आणि त्याच चेंबरच्या झाकणावरून न्या. उभ्या गाडीचं बॉनेट उघडून लिंक रॉडचा आवाज येत नाही. बदललेला जुना पार्ट परत मागा आणि हाताने हलवून बघा: माझ्या लिंक रॉडचं टोक बोटांनीही सहज डुलत होतं.