'डोक्याला कुत्रं चावलं' एवढ्यावर कोड बसत नाही

तुमचा प्रश्न असा: सोलापुरातल्या खासगी रुग्णालयात तुम्ही रेकॉर्डचं काम बघता, संध्याकाळी अमेरिकन मेडिकल कोडिंगचा, म्हणजे आजार, जखमा आणि उपचारांना ठरलेले कोड लावण्याचा कोर्स करता. सहा वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर 'डॉग बाइट हेड, कॅटेगरी थ्री, एआरव्ही दिली' एवढंच लिहिलंय (कॅटेगरी थ्री म्हणजे रेबीजच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा संपर्क, एआरव्ही म्हणजे रेबीजची लस). त्यावर तुम्ही एस०१.९५एक्सए आणि डब्ल्यू५४.० लावलेत, ते बरोबर आहे का?

(कोड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

आधी डब्ल्यू५४.० बद्दल, कारण खरी फसगत तिथे आहे. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये (आजार-जखमांच्या कोडची अमेरिकन यादी, पुढे नुसतं सीएम) डब्ल्यू५४.० म्हणजे कुत्र्याचा चावा, आणि तो डब्ल्यू५४.०एक्सएक्सए असा सात अक्षरांचा पूर्ण करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये मात्र चौथं अक्षर जागा सांगतं. तिथे डब्ल्यू५४.० म्हणजे घरी चावलं, आणि रस्त्यावर चावलं तर डब्ल्यू५४.४. मुलाला गल्लीत चावलं असेल तर रुग्णालयाच्या नोंदीत, जिथे संघटनेची आवृत्ती चालते, तुमचा कोड चुकला, आणि कोर्सच्या उत्तरात तो अर्धवट राहिला. तुम्ही दोन्हीकडे काम करता, म्हणून दोन वह्या वेगळ्या ठेवा.

आता एस०१.९५एक्सए. पेपरवर जेवढं आहे तेवढ्यापुरता तो चुकीचा नाही, पण त्याचा अर्थच 'डोक्याचा कुठला भाग ते नमूद नाही' असा आहे. डॉक्टर अजून ड्यूटीवर असतील तर पेपर परत पाठवा. 'डावा कान ना?' असं विचारू नका, ते उत्तर तोंडात घालण्यासारखं होतं. 'जखमा नेमक्या कुठे, कोणत्या बाजूला, किती, किती खोल?' असं मोकळं विचारा आणि उत्तर तारीख, वेळ, सहीसह पेपरवरच लिहून घ्या. फोनवर ऐकून तुम्ही स्वतः भरू नका.

सीएममध्ये उघड्या चाव्याचे कोड जागेप्रमाणे वेगळे आहेत. टाळूची केसाळ त्वचा एस०१.०५, पापणी व डोळ्याभोवतीचा भाग एस०१.१५, नाक एस०१.२५, कान एस०१.३५, गाल आणि जबड्याच्या सांध्याचा भाग एस०१.४५, ओठ एस०१.५५१, तोंडाच्या आत एस०१.५५२. कपाळ आणि हनुवटी एस०१.८५ मध्ये. भुवई पापणीच्या गटात जाते, इथे बरेच जण चुकतात. मान डोक्यात धरू नका, ती एस११ मध्ये आहे. पापणी, कान आणि गाल यांना बाजूचा अंक लागतो: १ उजवी, २ डावी. मुलाच्या टाळूला आणि डाव्या कानाला जखम असेल तर एस०१.०५एक्सए आणि एस०१.३५२ए असे दोन्ही कोड द्यायचे, जास्त गंभीर जखम आधी. संघटनेच्या आवृत्तीत 'डोक्याच्या अनेक उघड्या जखमा' यासाठी एस०१.७ आहे, सीएममध्ये तो नाही.

खोलीवर तर सगळं फिरतं. त्वचा फाटली नाही, नुसते दातांचे वरवरचे वण आहेत, तर कोड एस०० मध्ये जातो, टाळूसाठी एस००.०७एक्सए. कानाचा तुकडा तुटून गेला तर डाव्या कानाचा एस०८.१२२ए. लहान मुलाची कवटी पातळ असते, दात आरपार जाऊ शकतो. तसं फ्रॅक्चर निघालं तर एस०२.०एक्सएक्सबी, आणि त्याच जखमेला वर एस०१ लावायचा नाही. म्हणून 'हाड दिसत नाही, तपासून पाहिलं' हे वाक्यही नोंदीत हवं.

चांगली नोंद कशी दिसते ते बघा (इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे लशीशिवाय जखमेत टोचायची रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं): 'डावीकडे मागच्या टाळूवर ३ सेमी फाटलेली जखम, चरबीपर्यंत, हाड उघडं नाही. डाव्या कानाच्या वरच्या कडेला १.५ सेमी, कूर्चा दिसते, तुकडा गेलेला नाही. भटकं कुत्रं, गल्लीत, दुपारी ४ वाजता. घरी चुना लावला होता. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतलं. वजन १८ किलो. घोड्यापासूनचं इम्युनोग्लोब्युलिन ४० युनिट प्रति किलो, एकूण ७२० युनिट, कुपी मिलिलीटरला ३०० युनिटची, म्हणजे २.४ मिली, दोन्ही जखमांत व भोवती. लस त्वचेत, दोन जागी ०.१ मिली. टाके आज घातले नाहीत.'

चुना, मिरची, हळद, तंबाखू यातलं काय लावलं होतं ते आवर्जून लिहायला सांगा. ते नीट धुऊन निघाल्याशिवाय जखमेचा तळ दिसत नाही आणि खोली चुकीची लिहिली जाते. 'एआरव्ही दिली' या दोन शब्दांत इम्युनोग्लोब्युलिन राहिलं की दिलं, हेच कळत नाही. डोक्याची जखम मेंदूच्या इतकी जवळ असताना ही नोंद गाळणं सर्वांत धोक्याचं आहे. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या लशीनंतर सातव्या दिवसापर्यंतच देता येतं, त्यामुळे रेकॉर्डवाल्याने त्याच दिवशी विचारलं तर मुलाचं भलं होऊ शकतं.

सोलापुरात इतिहास सांगणारी आजी तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलत असते आणि मराठीत फक्त 'कुत्रं लागलं' एवढंच उतरतं. दात की नख, हे स्पष्ट करून घ्या. नख असेल तर चाव्याचा कोडच बसत नाही. माहिती कोणी दिली, तेही लिहा.

रेबीजचा ए८२ लावू नका. तो झालेल्या आजाराचा कोड आहे, संपर्कासाठी झेड२०.३. सातवं अक्षर 'ए' म्हणजे पहिली भेट नव्हे, जखमेवर सक्रिय उपचार चालू आहेत असा त्याचा अर्थ. भरून येण्याच्या काळातल्या देखरेखीला 'डी'. अमेरिकन चार्टवर घटनेची जागा फक्त पहिल्याच भेटीत, गल्लीसाठी वाय९२.४१४. टाके घातले असतील तर लांबी सेंटीमीटरमध्ये हवी. टाळू आणि कान सीपीटीच्या (अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडची यादी) वेगळ्या गटांत आहेत, त्यांची बेरीज करायची नाही: साध्या टाक्यांचे ३ सेमी टाळू १२००२, १.५ सेमी कान १२०११.

अक्कलकोट, मोहोळकडचे रुग्ण पुढचे डोस गावाजवळ घेतात. त्यांच्या कार्डावर लस त्वचेत दिली की स्नायूत, हे मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्वचेतली ०, ३, ७, २८ व्या दिवशी, स्नायूतली ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. कार्ड कोरं राहिलं तर तिथल्या नर्सला चौदाव्या दिवशी सुई द्यायची की नाही हे कळत नाही.