पंपासाठी एफडी मोडायच्या आधी

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. दिवाळीनंतर टाइप वन मधुमेह निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन पेन, रात्री तीनला उठून बोट टोचून साखर बघायची. वडील दूध संघात, हातात ३८,००० रुपये येतात. आई कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला, २७,०००. घराचा हप्ता १४,२००. आता ठरत आलंय ते असं: ४,८०,००० ची एफडी मोडायची, सोनं गहाण टाकून आणखी ८०,००० उभे करायचे, ५,६०,००० चा इन्सुलिन पंप, म्हणजे अंगावर लावून ठेवायचं, दिवसभर थोडंथोडं इन्सुलिन सोडणारं यंत्र, घ्यायचा आणि आईने नोकरी सोडायची. ‘पोरीच्या बाबतीत पैशाकडे बघू नये असं वाटतं, तरी एकदा विचारतो,’ असं ते लिहितात.

नमस्कार. विचारलंत ते फार बरं केलंत. पोरीसाठीच पैशाकडे बघायचंय, कारण हे दुखणं एका ऑपरेशनवर मिटणारं नाही. इन्सुलिन तिला जन्मभर लागणार आहे.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी नीट वाचलं. पंपाच्या किमतीखाली बारीक अक्षरात सेट (कातडीखाली इन्सुलिन नेणारी नळी) आणि रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची कुपी) यांचा खर्च आहे, महिना ११,०००. सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलावाच लागतो, त्यात काटकसर चालत नाही. पंपाला साखर कळावी म्हणून सेन्सर हवा, म्हणजे कातडीवर चिकटवायचं, सतत साखर मोजणारं छोटं यंत्र. चौदा दिवसांचा एक, तुमच्याकडच्या भावाने ४,८००. वर्षाला २६ लागतात, म्हणजे महिना १०,४००. इन्सुलिनचे साधारण २,००० वेगळे.

आता वहिनींचा पगार थांबला असं धरा. ३८,००० मधून हप्ता वजा, उरले २३,८००. त्यातून वरचे २३,४०० गेले की घरात राहतात चारशे रुपये. किराणा, लाइटबिल, शाळेची फी, सगळं त्या चारशेत. एफडी तर आधीच मोडलेली. आणि पंपाची वॉरंटी चार वर्षांची आहे, तेव्हा ती बारा वर्षांची असेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: आत्ता पंप नको, आणि नोकरी तर अजिबात सोडू नका.

नोकरीचं आधी सांगते. वहिनींच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मुलं धरून तीन लाखांचं कव्हर आहे, ते तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. मला त्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली. बहुतेक ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात. तुमच्यात तसं आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या. बाहेर नवीन पॉलिसी काढायला गेलात तर टाइप वनचं नाव ऐकून कंपन्या नाही म्हणू शकतात, आणि घेतलंच तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढली आणि आयसीयूत जायची वेळ आली तर तेव्हा हेच कव्हर धावून येईल.

आई घरी हवी असं वाटण्यामागे मधल्या सुट्टीतला डोस आहे, हे मला कळतं. पण त्या वीस मिनिटांसाठी २७,००० सोडण्याआधी शाळेशी बोला, शिफ्ट अर्धा तास पुढेमागे होते का विचारा. तुमची सकाळची पाळी असते तेव्हा तुम्हीही जाऊ शकता.

मग पैसा कुठे घालायचा? सेन्सरवर, आणि तोही अखंड. आज तुम्ही तो अधूनमधून लावता. पंपाच्या ५,६०,००० मध्ये साडेचार वर्षं एकही दिवस खंड न पडता सेन्सर येतात, पण त्यासाठी एफडीला हात लावायची गरजच नाही. दोन्ही पगार चालू राहिले तर पेनचे ६,००० आणि सेन्सरचे १०,४०० जाऊन, हप्ता भरूनही ३४,४०० हातात राहतात. साखर खाली जायला लागली की फोन वाजेल. तीनचा गजर लावून उठणं कमी होईल, तुमचंही आणि तिचंही. सेन्सरचा आकडा आणि तिची लक्षणं जुळत नसतील तर मात्र बोट टोचून खात्री करायचीच.

आणि फ्रिज बदला. मागच्या बाजूला दुधावर बर्फ धरतो असं तुम्ही लिहिलंय, त्याच फ्रिजमध्ये तिचं इन्सुलिन आहे. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं. ते कार्ट्रिज दिसायला तसंच दिसतं आणि साखर उतरत नाही. या घरात आज करायची पहिली खरेदी मला विचाराल तर हीच. तोवर बर्फाच्या कप्प्यापासून दूर, दाराच्या बाजूला ठेवा.

एफडी एकाच पावतीची आहे. मुदत संपेल तेव्हा तिच्या एक-एक लाखाच्या चार पावत्या करा आणि ८०,००० बचत खात्यात ठेवा, म्हणजे अडीअडचणीला सगळी मोडावी लागणार नाही. पैशासाठी सुकन्या खातं मोडायचं म्हणाल, तर ते उघडून चारच वर्षं झालीत. पाच वर्षांच्या आत आजारपणाचं कारण दाखवूनही ते बंद होत नाही, तेव्हा तो विचार सोडा. वर्षाला किमान २५० रुपये भरलेत तरी खातं चालू राहतं. एक-दोन वर्षं तेवढेच भरा, बाकीचे सेन्सरकडे वळवा.

एका गोष्टीने माझं मत बदलेल. रात्री साखर वारंवार खूप खाली जातेय, पेनवर आवरत नाही, पंपच हवा, असं तिचे डॉक्टर म्हणाले तर. तसं असेल तर मला लगेच कळवा, आपण हाच हिशोब पुन्हा मांडू. पण तेव्हाही वहिनींचा पगार चालू ठेवूनच. पुढच्या तपासणीला जाताना सेन्सरचा महिन्याचा आलेख सोबत न्या आणि डॉक्टरांना एवढंच विचारा: पंपाने हिचं नेमकं काय सुधारेल?