एलईडी लावूनही बागेचं बिल उतरत नसेल, तर आधी टायमरची पेटी उघडा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, कारण हे आमचंच जुनं दुखणं. तुम्ही लिहिलंय, बागेतले सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले, वर्ष झालं, आणि नगरपंचायतीचं बिल म्हणावं तसं उतरत नाही. मी किनाऱ्यावरच्याच एका नगरपरिषदेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो. वॅटचं गणित तुम्हाला येतंच, ते सोडतो. एकच विचारतो: सकाळी नऊ वाजता बागेत फिरलात कधी?

आमचे ३६ खांब. १५० वॅटचा सोडियम चोकसकट (दिव्याचा करंट आवरणारी गुंडाळी) १७० च्या आसपास ओढायचा, त्याजागी ४५ वॅटचे एलईडी आले. रात्रीचे अकरा तास धरले तर रोजचे ६७ युनिट १८ वर यायला हवे होते. पण मी शेण खाल्लं ते टायमरमध्ये. दर कमी म्हणून बॅटरी नसलेला, मोटारीवर फिरणारा घेतला. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं आणि आली की तिथूनच पुढे चालू होतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती जाते, सांगायला नको. जुलैअखेर घड्याळ चार तास मागे, म्हणजे दिवेलागणीला बाग काळोखात आणि सकाळी दहापर्यंत लखलखाट. लोकांनी बोंब मारली. वायरमनने टायमर बायपास करून, म्हणजे त्याला वगळून, दिवे डायरेक्ट लाइनवर केले आणि ते तसेच राहिले. चोवीस तासांचे झाले ३९ युनिट! दिवे चांगलेच होते हो, विझवणारं कोणी नव्हतं.

बरं, टायमर बदलावा, तर हमीच्या काळात पेटी उघडायची नाही. परवानगी एका कार्यालयातून आणायची, नाव घेत नाही. तीन स्मरणपत्रं आणि सात महिने गेले, उत्तर काय, तर "दिवे लागतायत ना? मग तक्रार कसली?" अजून आठवलं की डोकं तापतं.

माझं मत, पटलं तर घ्या: अक्षांश-रेखांश भरून सूर्यास्त स्वतः काढणारा, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. आपल्या पट्ट्यात सूर्यास्त जूनअखेर सव्वासातच्या आसपास, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. एकच वेळ लावून ठेवलीत तर वर्षभर कुठेतरी फुकट जळणारच. उजेड बघून दिवे लावणाऱ्या-विझवणाऱ्या फोटोसेलवर माझा विश्वास नाही, खारी हवा आणि कावळ्यांची विष्ठा त्याला आंधळा करतात. पेटी लोखंडी नको, गंजते. वायर खालून घ्या आणि भोकं बुजवा, नाहीतर पाली आत जाऊन कॉन्टॅक्टरमध्ये (टायमरच्या इशाऱ्यावर दिव्यांची लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) मरतात. बायपास केला की वहीत तारीख लिहायची सक्ती करा.

आणखी एक: बाग सर्वांना मोफत खुली असेल तर महावितरणच्या दरपत्रकात तिचे दिवे पथदिव्यांच्या वर्गात बसतात. तिकीट लावलंत तर ती सवलत धरू नका. बिलावरचा वर्ग बघा. मात्र आदेश बदलत असतात, चालू आदेश वाचूनच बोला, मी काही वकील नाही. बागेचा पाण्याचा पंप त्याच मीटरवर असेल तर तो आधी वेगळा मोजा, कित्येकदा चोर तिथेच सापडतो.

बाग वाळूला लागून असेल तर दिव्यांची तोंडं समुद्राकडून वळवा. वेळासला कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना उजेडाला भुलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्याकडेही अंडी घालत असतील.

उद्या सकाळी नऊला एक फेरी मारा आणि बायपासचा खटका कुठल्या बाजूला आहे ते इथे लिहा. मग पुढचं बोलू.