‘नशीब, उजवा हात बरा आहे’

ताई, मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय 58. बँकेतून निवृत्त झाल्यावर लाकडावरचं कोरीव काम शिकले, त्याला चार वर्षं झाली. यंदा गणपतीच्या मखरासाठी सागवानाच्या दोन फळ्या वेलबुट्टीच्या कोरायला घेतल्यात. एक झाली, दुसरी अर्धी आहे. पण तीन महिन्यांपासून हात सुजतात, बोटं ठणकतात. डावा जरा जास्तच. नशीब, उजवा बरा आहे, म्हणून काम चालू ठेवता येतं. बसायच्या आधी दुखण्याची एक गोळी घेते. बेडरूममध्ये पाटावर बसून फळी मांडीवर घेते, कारण नव्या डायनिंग टेबलावर ओरखडे नकोत. हे म्हणतात, “बास झालं आता, बाजारात तयार मखर मिळतं.” त्यांना यातला आनंद कळतच नाही. मन मारून सोडून द्यावं का?
— एक वाचक

‘नशीब’ हा शब्द लिहून तुम्ही पुढे गेलात, मी तिथेच थांबले. पटाशी उजव्या हातात आणि जास्त सुजतो डावा. यात नशिबाचा संबंध नाही. तुम्ही कोरत असताना तुमचा डावा हात काय करतोय, तेवढंच बघायचं आहे.

तो फळी धरून बसलाय. उजवा हात जेवढ्या जोराने पटाशी रेटतो तेवढ्याच जोराने डाव्याला फळी अडवून धरावी लागते, नाहीतर ती मांडीवरून सरकेल. उजव्याला निदान दोन फटकाऱ्यांच्या मधे उसंत मिळते. डाव्याची पकड सुटतच नाही. त्यातून फळीची कड तुम्ही अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरत असणार. बोटांच्या टोकाने एक किलो जोराची चिमूट धरली तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा दाब येतो. सागवानासारखं लाकूड अडवून धरायला एक किलो पुरतो का, ते तुम्हालाच माहीत. शिवाय पटाशी निसटली तर ती डाव्या तळव्यात किंवा मांडीत जाणार, हे इतक्या शांतपणे कसं लिहिता आलं तुम्हाला?

टेबल जपलंत आणि हात खर्ची घातलात. मला राग आलाय तो याचाच. म्हणून कोरणं सोडू नका, फळी धरणं सोडा. ती मांडीवरून उतरवा आणि टेबलावर पक्की बांधा. तुमचा हात पुन्हा कधीही लाकूड धरणार नाही, एवढंच मला तुमच्याकडून हवंय.

टेबलावर एक ओरखडा न पडता हे होतं. तुमची फळी 10 बाय 14 इंचांची आहे असं धरते. माप वेगळं असेल तर त्या हिशेबाने बदला. सोसायटीत कुणाकडे तरी फर्निचरचं काम चालू असेलच. तिथल्या सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायचा 16 बाय 20 इंचांचा तुकडा कापून घ्या. त्यावर फळी ठेवून डावीकडे आणि वरच्या बाजूला, फळीला अगदी चिकटून, 12 मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवायच्या. उरलेल्या दोन बाजूंना पट्टी फळीपासून थोडं अंतर सोडून आणि किंचित तिरकी बसवायची, म्हणजे फळी आणि पट्टी यांच्या मधे पाचर ठोकता येईल. पाचर सहा इंच लांब, एका टोकाला 20 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 12. हातोडीने दोन टिचक्या मारल्या की फळी हलत नाही, उलट्या बाजूने एक टिचकी मारली की सुटते. यात बोटांचा जोर कुठेच लागत नाही.

पट्ट्या फळीपेक्षा बुटक्याच हव्यात. उंच झाल्या तर कडेची वेल कोरताना पटाशीची मूठ त्यांना अडते, मग मनगट वाकडं करून काम करावं लागतं आणि दुखणं बोटांतून मनगटात येतं. स्क्रूची डोकी लाकडात पुरती बुडवायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी पटाशीची धार त्यावर आपटून तुटेल.

हा प्लाय टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून चार इंची दोन सी क्लॅम्पनी, म्हणजे इंग्रजी सीच्या आकाराच्या, स्क्रू पिळून घट्ट करायच्या लोखंडी चिमट्यांनी आवळायचा. दोनच हवेत, एकाच क्लॅम्पवर प्लाय त्याच्याभोवती गरगर फिरतो. प्लायखाली जुनी सतरंजी, क्लॅम्पच्या खालच्या जबड्याशी प्लायचा छोटा तुकडा, झालं टेबलाचं रक्षण. कोपरा मुद्दाम सांगितला, कारण तिथे दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं. वेलीचं वळण बदललं की तुम्ही फिरायचं, फळी नाही. टेबल काचेचं असेल तर हे करू नका, मग स्वयंपाकघराचा ओटा वापरा, तोही हलत नाही. क्लॅम्प ठाण्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बऱ्यापैकी हत्यारं बघायची असतील तर लोकलने मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात चक्कर मारा.

फळी बांधली की डावा हात मोकळा झाला. तो आता पात्याजवळ हलकेच ठेवायचा, दिशा दाखवायला. दोन्ही हात धारेच्या मागे. उजव्यानेही रेटायचं नाही. 300 ग्रॅमच्या आसपासची लाकडी हातोडी घ्या आणि छोट्या टिचक्यांनी पटाशी चालवा. तळव्याच्या गादीने मुठीवर ठोकायची सवय असेल तर ती आजच मोडा. पटाशीच्या मुठी बारीक असतील तर एसीच्या तांब्याच्या पाइपवर मेकॅनिक चढवतात तो काळ्या फोमचा पाइप वीतभर मागून घ्या आणि मुठीवर सरकवा. जाड मूठ सैल हाताने धरता येते, बारीक मूठ आवळावी लागते.

धारेबद्दल पत्रात अवाक्षर नाही, त्यावरून मला अंदाज आला. सागवानात सिलिका असते, ती धार भराभर खाते. पटाशी बोथट झाली की नकळत जोर वाढतो, आणि तो दोन्ही हातांत उतरतो. दर 20 मिनिटांनी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची हिरवी वडी घासून पातं दहा-बारा वेळा मागे ओढा, पुढे कधीच नाही, पुढे नेलंत तर चामडं कापलं जाईल. आडव्या रेष्यांवर काप घेऊन बघा. काप चकचकीत दिसला तर धार आहे. पांढुरका, चुरगळलेला दिसला तर आधी निसण्यावर बसा, मग फळीवर. पट्टा हातात घेतला की तेवढ्या वेळात बोटंही मोकळी होतात, ती विश्रांती चुकवू नका. पुढच्या वेळी लाकूड बदला. वखारीत शिवणीचं लाकूड मागा. ते मऊ कापलं जातं आणि सुकल्यावर फारसं वाकत नाही. सावंतवाडीची खेळणी परंपरेने ज्या पांगाऱ्याची होत आली, तो तर त्याहून हलका.

पण फळी बांधण्याआधी डॉक्टर, आणि तेही याच आठवड्यात. डाव्या हाताचं जास्त सुजणं पकडीचं असेल, पण सूज दोन्ही हातांना आहे आणि तीन महिने आहे. ती मुळात कुठून आली हे क्लॅम्प सांगणार नाही. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, त्यांच्याकडे जा आणि तीन गोष्टी न विचारता सांगा. सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात. अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर हे नक्की सांगायचं. सूज बोटांच्या मुळांशी आहे, पेरांच्या टोकाशी आहे की अंगठ्याच्या बुडाशी. आणि रात्री अंगठा व शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते का. आमवात, झिजेचा संधिवात आणि मनगटात दबलेली नस, तिन्हींची वाट या उत्तरांवरून वेगळी होते. ते बहुधा आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, सुजेसाठी सीआरपी, शिवाय युरिक अ‍ॅसिड, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगतील. आमवात निघाला तर औषध लवकर सुरू होण्याला फार किंमत आहे. उशिरात सांध्यांचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. त्यांना दाखवेपर्यंत पटाशी खाली ठेवा. डाव्या हातात अंगठी असेल तर ती आजच साबण लावून काढा, सूज वाढली तर ती कापावी लागेल.

आणि ती गोळी. दुखणं उतरवण्यासाठी घेतलेली गोळी वेगळी आणि दुखत असताना काम रेटता यावं म्हणून घेतलेली वेगळी. दुसरी म्हणजे हाताचं तोंड दाबणं. कोरायला बसण्याआधी गोळी घेणं बंद, आणि आतापर्यंत किती घेतल्या ते डॉक्टरांना खरं सांगा. पुन्हा सुरू कराल तेव्हा मोबाइलवर 20 मिनिटांचा गजर, मग पाच मिनिटं हात मोकळे. बोट गरम, लालसर लागलं तर त्या दिवशी सुट्टी.

यजमानांना आनंद कळत नाही, या तक्रारीत मी पडणार नाही. तीन महिने तुम्ही गोळी घेऊन बेडरूममध्ये बसताय आणि ते बाहेरून सुजलेले हात बघतायत. ‘बास’ म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. क्लॅम्पचा दांडा शेवटचा आवळायला जो पीळ लागतो तो तुमच्या बोटांनी द्यायचा नाही. रोज सकाळी त्यांना हाक मारा, दोन्ही क्लॅम्प आवळून घ्या.

या गणपतीला मखरात एकच कोरलेली फळी लागेल. दुसरीच्या जागी साधं पॉलिश केलेलं सागवान लावा.