गाडी रोज विचारते, ‘मान्य आहे?’

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गाडीच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न पाठवताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पडदा कंपनीचा आहे की बाहेरून बसवलेला, एवढे जरूर लिहा. निम्मे उत्तर त्यातच असते.

प्रश्न : गाडी सुरू केली की नेव्हिगेशन उघडताना दर वेळी एक पान येते : ‘रस्त्यावर लक्ष ठेवा, वाहतुकीचे नियम पाळा, नकाशा चुकीचा असू शकतो.’ खाली ‘मान्य’ दाबल्याशिवाय नकाशा दिसत नाही. एकदा मान्य केले ते पुरत नाही का? असा कायदा आहे का? (नाशिक)

असा कायदा नाही. रोज ‘मान्य’ दाबून घ्या, असे भारतातला कुठलाही नियम सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीसुद्धा ऐच्छिक आहेत आणि त्यांचा भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. पडद्यावरचे कुठलेही काम करताना एका वेळी नजर २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि ते काम एकूण १२ सेकंदांच्या नजरेत उरकावे, असे ती सांगतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने २ सेकंदांत गाडी ४४ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतले की आकडा कडक वाटत नाही. जपानच्या वाहन उत्पादक संघटनेची मर्यादा तर एकूण ८ सेकंदांची आहे.

मग हे पान कशासाठी? कोर्टासाठी. उत्पादनाच्या धोक्याची सूचना दिली नाही, एवढ्या मुद्द्यावरही अमेरिकेत कंपनीवर दावा लागतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये अशीच तरतूद आहे : योग्य वापराच्या सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नसेल, तर उत्पादक जबाबदार. आता गंमत पाहा. त्याच कायद्याचे कलम ८७ म्हणते की जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला माहीत असायलाच हवा, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येणार नाही. गाडी चालवताना समोर पाहावे, हे यात बसायला हरकत नसावी. पण कंपनीचा वकील असल्या ‘नसावी’वर झोपत नाही, आणि एकच सॉफ्टवेअर दहा देशांत जाते तेव्हा सर्वांत धास्तावलेल्या देशाचा मजकूर सगळ्यांच्या वाट्याला येतो.

दर वेळी विचारायचे कारणही तेच. काल तुम्ही ‘मान्य’ दाबले, आज गाडी भाच्याने काढली असेल. त्याने मान्य केले होते का, याचा पुरावा हवा. म्हणून बऱ्याच युनिटांत (युनिट म्हणजे पडद्यासकटचा अख्खा संच) तुमची संमती इग्निशन बंद होईपर्यंतच टिकते, पुढे साठवली जात नाही. या हिशेबात एक गोष्ट मात्र हरवते. रोज दिसणारी सूचना कोणी वाचत नाही. बोट आपोआप ‘मान्य’कडे जाते आणि एखाद्या दिवशी त्या जागी खरोखर कामाचा इशारा आला, तरी तोही तसाच दाबला जातो.

आता उपाय. आधी सेटिंग्जमध्ये पाहा. सुरुवातीचा पडदा कोणता हवा, हे निवडायची सोय अनेक गाड्यांत असते. तिथे नकाशाऐवजी ऑडिओ किंवा मुख्य पान ठेवा. ज्या युनिटांत सूचना फक्त नेव्हिगेशन उघडल्यावर येते, तिथे रोजचा त्रास एवढ्यानेच संपतो. काही गाड्यांत हे पान काही सेकंदांनी स्वतःहून जाते. एकदा हात न लावता वाट पाहा, कदाचित इतके दिवस उगाचच दाबत असाल. काहींत स्टिअरिंगवरच्या ओके बटणानेही ते जाते, पडद्यापर्यंत हात न्यावा लागत नाही. फोन अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने जोडत असाल, तर त्यांची संमती पहिल्या जोडणीच्या वेळी एकदाच घेतली जाते; मात्र गाडीच्या स्वतःच्या युनिटचे पान त्याआधी यायचे ते येतेच.

आणखी एक. हे पान काढल्याने नकाशा झटकन मिळेल, अशी आशा ठेवू नका. त्या वेळात युनिट नकाशा उचलत असते आणि उपग्रह शोधत असते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. गाडी बराच काळ उभी असेल, तर ती नव्याने घेईपर्यंत बाण जागेवर येत नाही, तुम्ही ‘मान्य’ कितीही जोरात दाबा.

प्रश्न : अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, ‘हँडब्रेकची एक वायर अर्थ केली की सगळ्या सूचना जातात आणि गाडी चालू असताना व्हिडिओही दिसतो.’ करून घ्यावे का? (कोल्हापूर)

नको. तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच दरात विकतो आहे.

सुरुवातीचे ‘मान्य’चे पान सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचा हँडब्रेकच्या वायरीशी संबंध नाही आणि वायर अर्थ करून ते बहुधा जातही नाही. वायरीने उघडते ते दुसरे कुलूप : गाडी चालू असताना व्हिडिओ आणि टायपिंग बंद ठेवणारे. बाहेरून बसवलेल्या युनिटला गाडी उभी आहे हे हँडब्रेकच्या वायरीवरून कळते. काही जपानी कंपन्यांच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) ही वायर फिकट हिरवी असते. ती कायमची बॉडीला जोडली, की हँडब्रेक सदैव ओढलेलाच आहे असे युनिटला वाटते.

नेव्हिगेशन असलेली युनिटे एवढ्याने फसत नाहीत, कारण त्यांना वेगाचा सिग्नलही मिळतो. मग कारागीर तोही तोडतो, किंवा कंपनीच्या युनिटमागे कप्लरमध्ये (वायरींच्या जोडणीत) एक डबी घालून वेग शून्य दाखवतो. खरे नुकसान इथे होते. जपानी मानकाप्रमाणे वेगाच्या तारेवर प्रत्येक किलोमीटरला २,५४८ पल्स (विजेचे ठोके) येतात, म्हणजे साधारण दर ३९ सेंटिमीटरला एक. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा युनिट या पल्स मोजून किती अंतर गेले ते काढते, जायरो सेन्सरवरून किती वळले ते काढते आणि बाण पुढे सरकवत राहते. मुंबईच्या कोस्टल रोडचा बोगदा दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेत आहेतच. पल्स तोडलेल्या गाडीत बाण बोगद्याच्या तोंडाशी थिजतो आणि बाहेर पडल्यावर सावरेपर्यंत पहिला फाटा मागे गेलेला असतो. वेगाप्रमाणे आवाज कमीजास्त होणेही बंद पडते. वर, मूळ हार्नेसला काप दिसला की विजेच्या कुठल्याही बिघाडावर वॉरंटी नाकारायला सर्व्हिस सेंटरला निमित्त मिळते.

काम आधीच झालेले असेल, तर उलटे करून घेणे अवघड नाही. युनिटच्या सेवा-पानावर (नाव ‘सेन्सर स्थिती’ किंवा तसेच काही असते) वेग आणि पल्सचा आकडा दिसतो. मोकळ्या रस्त्यावर शेजारच्या माणसाला तो पाहायला सांगा. गाडी सरकली आणि आकडा शून्यावरच राहिला, तर तार तुटलेली आहे. जोडल्यानंतर सेन्सरचे शिक्षण, म्हणजे पल्सवरून अंतर काढायचे युनिटने साठवलेले माप, पुसून नव्याने करावे लागते. त्यासाठी उघड्या आकाशाखाली काही किलोमीटर, थोडी वळणे घेत, गाडी चालवली की बस.

प्रश्न : २००५ ची जपानी हायब्रिड वापरलेली घेतली. रोज ‘आय अ‍ॅग्री’ आणि गाडी चालू असताना पत्ता घालता येत नाही. शेजारी बसलेली पत्नीसुद्धा घालू शकत नाही! छुपा मेन्यू असतो असे ऐकले. (एडिसन, न्यू जर्सी)

असतो. त्या पिढीच्या काही टोयोटा आणि लेक्सस गाड्यांत व्हॉल्यूमच्या पडद्यावर डावीकडचे वरचे-खालचे कोपरे आलटून पालटून दाबले की सेवा-मेन्यू उघडायचा आणि त्यात कुलूप उघडायचे बटण होते. पण गाडी बंद केली की ते पुन्हा लागायचे, आणि पुढच्या मॉडेलांत कंपनीने ती वाट बुजवली. ‘आय अ‍ॅग्री’ मात्र त्यानेही जात नसे. म्हणजे रोजचे एक बटण चुकवायला रोजची सहा बटणे.

पत्नीची तक्रार रास्त आहे. शेजारच्या सीटखाली एअरबॅगसाठी वजनाचा सेन्सर असतो, तो नेव्हिगेशनशी जोडून ‘प्रवासी आहे, टायपिंग चालेल’ असे करता आले असते. पण पडद्याला लागलेले बोट कोणाचे, हे त्यालाही कळत नाही, म्हणून बहुतेक कंपन्यांनी सरसकट बंदी घातली.

तुमच्या गाडीत घराचा पत्ता आणि पाच ठरावीक ठिकाणे साठवता येतात, ती चालत्या गाडीतही एका दाबात निवडता येतात. घर, ऑफिस, देऊळ, भारतीय किराणा असे जे नेहमीचे, ते उभ्या गाडीत एकदा भरून टाका. नव्या ठिकाणासाठी स्टिअरिंगवरचे बोलायचे बटण आहे, पण त्या काळच्या आवाज-ओळखीला आपले उच्चार झेपतील याची खात्री नको. सॉफ्टवेअर बदललेल्या नकाशाच्या डिस्क विकल्या जातात, त्या घेऊ नका. सॉफ्टवेअर भरता भरता युनिट मध्येच अडकले, तर वीस वर्षांच्या गाडीचे युनिट शोधत भंगारवाल्यांकडे फिरावे लागेल.

प्रश्न : त्यापेक्षा फोन स्टँडवर लावला तर भारतात दंड होतो का? (ठाणे)

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, रस्ता पाहण्यापुरता फोन वापरता येतो, चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तर. हातात धरून बोलत किंवा टाइप करत असाल, तर मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागू शकते आणि पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. स्टँड काचेच्या मधोमध नको, एअरबॅगच्या झाकणावर तर नकोच.

प्रश्न : ताशी ८० ला टिंग आणि १२० च्या पुढे अखंड टिंगटिंग. हे तरी बंद होईल का? (पुणे)

नाही. ही वकिलाची करामत नाही, हा नियम आहे. १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींना वेगाचा इशारा, चालकाची एअरबॅग, पुढच्या सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. युरोपात याहून पुढची पायरी आहे : जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा आहे आणि बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू होताना ती पुन्हा चालू व्हावी, असा नियमच आहे. जर्मनीतले वाचक याबद्दल नेहमी लिहितात. त्यांच्यासाठी उत्तर एवढेच की बंद करायचे बटण एका दाबात मिळेल असे मुख्य पानावर आणून ठेवा.

प्रश्न : ‘नकाशा चुकीचा असू शकतो’ हे मान्य केले, म्हणजे चुकीच्या रस्त्याला नेले तरी जबाबदारी आपलीच? (संगमनेर)

गाडी कुठे घालायची हा निर्णय चालकाचा, असे त्या वाक्याला म्हणायचे आहे. अख्ख्या पानात वाचण्यासारखे वाक्य तेवढेच. तुमच्या भागातले उदाहरण आहे : जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्याने रात्री एक मोटार गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. तो रस्ता नकाशात होता, पाणी नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. नकाशावर पूल अखंड, वाटेत पुरेसा अडथळा नाही, तिघांचा जीव गेला. अशा प्रकरणांत रस्ता बंद न करणारे खातेही उत्तरदायी असते, तुम्ही ‘मान्य’ दाबल्याने त्याची सुटका होत नाही.

गाडीतला नकाशा फोनपेक्षा जुना असण्याची शक्यता अधिक, कारण तो आपणहून बदलत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिमची माहिती’ उघडा, नकाशाची आवृत्ती आणि वर्ष दिसेल. अद्ययावत करताना यूएसबी कंपनी सांगेल त्याच फॉरमॅटमध्ये हवा, बहुधा एफएटी३२. झिप फाइल सोडवून आतले सगळे यूएसबीच्या मूळ कप्प्यात थेट ठेवा, फोल्डरच्या आत फोल्डर न करता. काम चालू असताना इग्निशन बंद करू नका. बॅटरी जुनी असेल तर इंजिन चालू ठेवा आणि गाडी बंद गॅरेजात नको, उघड्यावर उभी करा. नकाशा एसडी कार्डावर असेल, तर मित्राच्या कार्डाची नक्कल चालत नाही. अनेक युनिटांत कार्ड त्या एकाच युनिटशी बांधलेले असते.

प्रश्न : गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकला, तर कॅमेऱ्याऐवजी सूचनेचे पानच दिसत राहते. (म्हापसा)

तसे होता कामा नये. अमेरिकेत मे २०१८ पासूनच्या नियमाने रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत मागचे चित्र दिसलेच पाहिजे, मग पडद्यावर काहीही असो. भारतात सक्ती सेन्सरची आहे, कॅमेऱ्याची नाही, पण चांगल्या युनिटांत रिव्हर्सला अग्रक्रम असतोच.

इंजिन बंद, इग्निशन ऑन, हँडब्रेक ओढून रिव्हर्स टाका आणि कोणाला तरी मागे पाहायला सांगा. मागचा पांढरा दिवा लागला नाही, तर दोष फ्यूजचा, बल्बचा किंवा गिअरबॉक्सवरच्या स्विचचा. दिवा लागतो पण चित्र नाही, तर बाहेरून बसवलेल्या युनिटमध्ये रिव्हर्सच्या दिव्यावरून १२ व्होल्ट आणणारी बारीक तार सुटलेली असते. डिकीच्या बिजागरीपाशी ती वाकून तुटते, आधी तिथेच पाहा. चित्र येते पण दहा सेकंद उशिरा, तर युनिट नुकतेच जागे होत आहे. कंपनीचे युनिट असेल तर सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या. तोवर आरसे पाहून गाडी मागे घ्या. गोव्याच्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या कप्लरवर हिरवट गंजही धरतो, तो काँटॅक्ट क्लीनरने साफ होतो.